सुटली म्हणू नका

कळंबहून माझी मैत्रीण कुंदा हिच्या नवऱ्याचा, भाऊसाहेबांचा, फोन आला तेव्हा मी बारामतीच्या घरी भाजी निवडत होते. "ताई, सुटली बघा ती," एवढंच ते म्हणाले. तेव्हापासून हा शब्द चपलेतल्या खड्यासारखा मला टोचतो आहे. दहाव्याला आलेला प्रत्येक जण तेच म्हणत होता... सुटली बिचारी. कशातून सुटली? आणि सुटायचं आहे, असं ती कुणाला म्हणाली होती?

कॉलेजात माझ्या कविता ती भुईमुगाच्या शेंगा फोडत ऐकायची; वाईट ओळ आली की शेंग फोडणं थांबायचं. लग्नानंतर काही वर्षांनी तिच्या पायातली चप्पल वाटेत गळून पडू लागली, आणि तिला ते कळायचंही नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं: मल्टिपल स्क्लेरोसिस. मज्जातंतूंवरचं आवरण जागोजागी झिजतं आणि मेंदूचा निरोप पायांपर्यंत पोचता पोचता विरून जातो. बारामतीच्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं तिला स्पष्ट सांगितलं, की व्यायामानं हा आजार जाणार नाही, पण जे चालतं आहे ते चालतं ठेवता येईल. थोडं चालायचं, थोडं टेकायचं, पुन्हा उठायचं. उष्मा मात्र टाळायचा. अंग तापलं की पाय ऐकेनासे होतात.

इंदापूर तालुक्यात उष्मा टाळायचा तरी कुठं? कुंदानं जागा शोधली. भाऊसाहेबांच्या डाळिंबाच्या शेडमध्ये माल थंड करायची खोली होती. तिथला तो गारवा, ओल्या पुठ्ठ्याचा आणि तुरट सालीचा वास, पंख्यांची अखंड घुमणी... त्यात ती क्रेटच्या ढकलगाडीचा दांडा धरून चालायची. लोखंड हाताला गार लागतं म्हणून तिनं त्यावर जुन्या जांभळ्या सुती साडीची पट्टी गुंडाळून घट्ट गाठ मारली होती. माल निवडणाऱ्या बायका म्हणायच्या, "वैनी, एक दिवस मालासंगं तुमी बी दुबईला जाताय बघा."

"जाईन की," ही म्हणायची. "ए-ग्रेड हाय मी. डाग हायेत ते आतनं."

मग एका हिवाळ्यात ती न्हाणीघरात पडली आणि सारं घर मायेनं तिच्यावर तुटून पडलं. सासूबाईंनी निदान केलं, की गारठ्यानं वारं भरलं. थंड खोलीला कुलूप लागलं. कॉटखाली शेगडी आली, अंगावर गोधड्या, पायांना तापल्या विटेचा शेक. त्या शेकानं ती पार लोळागोळा व्हायची आणि तेच पुरावा ठरायचं: "बघा, उठवत बी न्हाय." फिजिओथेरपिस्ट घरी आली, तर तिला चहा पाजून परत पाठवलं. मी भाऊसाहेबांशी भांडले. ते डोळे पुसत म्हणाले, "ताई, जन्मभर राबली ओ ती. आता तरी बसू द्या." या दयेचा मला अजून संताप येतो. दुष्टपणाशी भांडता येतं. गोधडीशी कसं भांडायचं?

शेवटच्या भेटीत तिनं ओला टॉवेल मागितला. मी शेगडी बाहेर नेली, टॉवेल तिच्या मानेवर ठेवला. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "आता उभी कर." खिडकीचा गज धरून ती उभी राहिली. पाय थरथरत होते, पण तिचं ऐकत होते. तेवढ्यात सासूबाई आत आल्या. "सोड बाई, पडशील," म्हणत त्यांनी तिचं एकेक बोट गजावरून सोडवलं... अगदी हळुवार, झोपल्या लेकराच्या मुठीतून खेळणं काढावं तसं. पुढं पडून पडून छातीत कफ साचला, न्यूमोनिया झाला, आणि सुटली म्हणायला सगळे मोकळे झाले.

परवा शेडवर गेले. थंड खोलीचं दार उघडं होतं, ढकलगाडीवर क्रेट रचलेले. दांड्यावर ती जांभळी पट्टी तशीच, तळवे टेकायचे तिथं विटलेली, मऊ. धुवायला काढावी म्हणून एका बाईनं गाठीला नखं लावली, ओढून पाहिलं.

"लई घट्ट हाय," ती म्हणाली. "वैनीनं मारलेली."

राहू दे, म्हटलं. ती गाठ अजून सुटलेली नाही.