वहिनीच्या खिडकीवरचा छज्जा

ऑफिसात त्याला सगळे ‘छज्जेसम्राट’ म्हणत, अर्थात पाठीमागे. खिडकीवरचा छज्जा किती बाहेर काढायचा, हे ठरवण्यातच त्याचं आयुष्य गेलं. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा ऊन छज्ज्यावरच अडलं पाहिजे. हिवाळ्यात तो खाली उतरतो, तेव्हा ऊन छज्ज्याखालून घरात आलं पाहिजे. गोष्ट एवढीच. पण ती तो अशा तोऱ्यात सांगे, जणू सूर्य यालाच विचारून उगवतो. घरमालकांशी भांडे, गवंड्यांवर डाफरे. त्याचे छज्जे मात्र चुकत नसत, म्हणून कोणी त्याच्या तोंडी लागत नसे.

घरी तोंडी लागेल असं एकच माणूस होतं, खालच्या मजल्यावरची वहिनी. आणि तिने तर बोलणंच टाकलं होतं. भाऊ शेवटच्या घटका मोजत होता, तेव्हा हा पठ्ठ्या कुठल्याशा इमारतीच्या खिडक्या मोजत होता. पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. “आता कशाला आलात?” वहिनीने दारातच विचारलं. चूक याचीच होती, पण कबूल करेल तर शपथ. तो तडक जिना चढून वर गेला, तेव्हापासून अबोला. निरोप पोचवायला पुतणी.

यंदा वहिनीच्या खिडकीवरचा जुना, आखूड छज्जा ढासळला. “नवा मी बांधून देतो,” त्याने पुतणीला सांगितलं. मनात खुमखुमी होती: असा छज्जा काढतो, की बाईला माझं नाव घ्यावंच लागेल.

“काका, एकदा आत येऊन बघा तरी. आईला विचारू का?”

“सूर्याला विचारलंय मी. तेवढं बस्स.”

खोली त्याला तोंडपाठ होती. पलंग खिडकीला लागून. त्या हिशोबाने त्याने छज्जा चांगला लांब काढला. उन्हाळ्यात झळ नको, आणि हिवाळ्यात ऊन नेमकं पलंगावर, वहिनीच्या दुखऱ्या गुडघ्यांवर.

थंडी पडली आणि पुतणी वर आली ती फणफणतच. “खाली चला. आत्ताच्या आत्ता.”

एवढ्या वर्षांनी तो त्या खोलीत शिरला. ऊन त्याने ठरवलं होतं तिथेच पडलं होतं, खिडकीपाशी, रिकाम्या फरशीवर. पलंग पार आतल्या भिंतीला होता. त्यावर वहिनी दोन शाली गुंडाळून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. जुन्या छज्ज्याखालून ऊन तिथपर्यंत जायचं. याच्या छज्ज्याने ते अर्ध्या वाटेतच तोडलं होतं.

“पलंग कधी हलवला?”

“जिन्यावरचे तुमचे पाय दिसायचे खिडकीतून. ते बघवेनात तेव्हा,” वहिनीच बोलली.

त्याला झोंबलं. “परत सरकवून देतो.”

“हात लावू नका. पलंग इथेच राहील.”

छज्जा कापला तर उन्हाळ्यात खोलीची भट्टी होईल, हे त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं. वहिनीच्या काकडलेल्या बोटांकडे बघून त्याने ते गिळलं. खिशातून टेप काढून खिडकीपासून पलंगापर्यंतचं अंतर घेतलं. तेवढ्याने भागत नव्हतं.

“वहिनी, झोपल्यावर गुडघे कुठे येतात?”

वहिनीने गुडघ्यांवरची शाल बाजूला सारली. मग तिने चादरीवर बोट टेकवलं.

“इथे. मोजा आणि निघा.”