कर्फ्यूतलं पाणी

बाबांनी ते पान फ्रेम करून घेतलं होतं. मिरजेच्या घरात, दारातून आत आलं की समोरच्या भिंतीवर. इंग्रजी जर्नलमधल्या लेखाचं पहिलं पान, वर तीन लेखकांची नावं, त्यांतलं तिसरं माझं. बाबा प्राथमिक शाळेतले मास्तर. आल्यागेल्याला आधी ते पान दाखवायचे आणि मग चहा विचारायचे. त्यांचं काय चुकलं? लेकीचं नाव छापून आलं होतं.

तेव्हा आम्ही चंदीगडला होतो. हे हवाई दलात, बदलीवर. मी भूगर्भशास्त्र शिकलेली, म्हणून एका संस्थेत संशोधन सहायक म्हणून लागले. माझे सर पुण्याचे. परमुलखात मराठी माणूस भेटला की आपण लगेच नातं लावून मोकळे होतो, तसं मीही लावलं. त्यांच्या बायकोला वहिनी म्हणायचे, गणपतीत मोदक वळायला जायचे.

काम साधं होतं. सकाळी जीपनं मुल्लानपूरकडच्या गावांत जायचं आणि ठरलेल्या विहिरींचं पाणी किती खोल गेलंय ते मोजायचं. पोलादी फितीच्या टोकाला खडू फासायचा, फीत विहिरीत सोडायची, खडू भिजला तिथवर पाणी. पंजाब पेटलेला, त्यामुळे नाक्यावर जवान रोज फितीची पेटी उघडायला लावायचे. ‘बीबीजी, ये क्या है?’ रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर, आणि खिडकीशी बंदुकीची नळी. बसमधून माणसं उतरवून मारल्याच्या बातम्या यायच्या आणि आम्ही निघायचो विहिरी मोजायला. हे चिडवायचे, ‘फौजेत मी आहे आणि मोहिमेवर तू जातेस.’

मग भातलावणीच्या तोंडावर कर्फ्यू लागला. जीप निघालीच नाही. आम्ही घरात, रेडिओला कान लावून. दूध संपलं तेव्हा शेजारणीनं कुंपणावरून पावडरीचा डबा दिला. कर्फ्यू उठल्यावर मी तक्त्यात त्या दिवसांपुढे रेघा ओढल्या. मोजलं नाही तिथे रेघ. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच.

लेख छापून यायला बरेच महिने गेले. आला तेव्हा आधी नाव पाहिलं, खोटं कशाला बोलू. पेढे वाटले, बाबांना प्रत धाडली. नंतर निवांत वाचायला बसले आणि तक्त्यापाशी अडले. एकही रेघ नव्हती. कर्फ्यूच्या प्रत्येक दिवसापुढे आकडा होता, तोही दशांशासकट. लेख तपासणारे लांबच्या शहरातले, त्यांना त्या तारखा म्हणजे नुसत्या तारखा. पण चंदीगडात त्या तारखा कोण विसरणार होतं? गल्लीत दूधवाला फिरकला नव्हता, आणि आमची फीत म्हणे विहिरीत उतरली.

सरांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, ‘अगं, पाणी कुठे पळून जातंय? आधीच्या आणि नंतरच्या मोजणीवरून मधले आकडे काढले. सगळेच काढतात.’

‘मग तसं खाली लिहायला हवं होतं, सर. एक ओळ.’

‘लिहिलं की तपासणारे शंका काढत बसतात.’

मला तेच तर खुपत होतं. पाणी रोज एकसारखं उतरतंय, हा लेखाचा सगळा दावा. आणि कर्फ्यूत शेतातल्या मोटारी बंद राहिल्या असतील, तर त्या दिवसांत पाणी चढलंही असेल. चढलं की उतरलं, कुणालाच ठाऊक नाही. ठाऊक नाही एवढं लिहायला माणसाला इतकं जड का जावं?

न मोजलेल्या आकड्यांवर माझं नाव होतं, आणि ते नाव मिरजेत भिंतीवर होतं. मला अन्न गोड लागेना. ह्यांनी बजावलं, ‘हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नकोस. आपली बदली होईलच.’ आमच्या घरात बदली म्हणजे सगळ्या दुखण्यांवरचं औषध. मी ऐकलं नाही. संपादकांना लिहिलं, की इतक्या दिवसांचे आकडे मोजलेले नाहीत, तशी दुरुस्ती छापावी. सरांवर एका शब्दाचाही आरोप केला नाही.

उत्तर आलं. आपला मुद्दा मुख्य लेखकांकडे अभिप्रायासाठी पाठवला आहे, आमची हीच पद्धत आहे. मुख्य लेखक म्हणजे सर. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, आणि पोचपावती मला.

सरांनी बोलावलं तेव्हा त्यांच्या टेबलावर माझंच पत्र होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ‘घरातलं घरात बोलायचं असतं,’ ते म्हणाले. ‘तुला धाकट्या बहिणीसारखं वागवलं मी.’

‘घरातच बोलले होते, सर. आधी तुमच्याकडेच आले होते.’

माझ्या नेमणुकीची मुदत संपत आली होती, ती वाढवली गेली नाही. त्या वर्षी वहिनींचं गणपतीचं बोलावणं आलं, पण माझा पाय निघाला नाही. परक्यानं केलं असतं तर इतकं लागलं नसतं.

दुरुस्ती मात्र छापून आली. पुढच्या एका अंकात, शेवटच्या पानावर, वर्गणीच्या दरांखाली. मी ग्रंथालयात उभ्या उभ्या वाचली. तक्त्याबद्दल चकार शब्द नव्हता. लिहिलं होतं, की या लेखात तिसऱ्या लेखिकेचं नाव नजरचुकीनं छापलं गेलं. त्यांनी मोजणीत मदत केली, त्याबद्दल आभार. संपादक दिलगीर आहेत.

बाबांना मी कधीच सांगितलं नाही. ते गेल्यावर भावानं विचारलं, घरातलं तुला काय हवं, तर मी ती फ्रेम मागितली. भाऊ म्हणाला, एवढंच? हो, एवढंच. तिच्यावर माझं नाव अजून आहे.

तो लेख अजूनही इतरांच्या लेखांत आधाराला घेतलेला दिसतो, कधीकधी तो तक्ताही. तिथे नावं दोनच असतात. जर्नलच्या हिशेबी त्या लेखात चूक एकच झाली होती, आणि ती त्यांनी वेळेवर दुरुस्त केली.