वाळक्या उसाचं समीकरण

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी अठ्ठावीस वर्षं उसाच्या रसातली साखर मोजतोय. त्यामुळे युसूफ वडगाव या गावची पौर्णिमा रसायनशास्त्र शिकून इथं रुजू झाली आणि म्हणाली, "रामप्रसादकाका, आता रसावर नुसता उजेड टाकायचा, साखर किती ते गणित सांगल," तेव्हा मला हसू आलं. रागही आला, खोटं कशाला बोलू?

तिची रीत अशी: दोनशे नमुने माझ्या पद्धतीनं मोजायचे, तोच रस यंत्रातला उजेड किती शोषतो तेही टिपायचं, आणि दोन्हींचा मेळ घालणारं समीकरण काढायचं. मग नव्या रसाची साखर मिनिटात कळणार, कुणाचा फड आधी तोडायचा तेही. चीफ केमिस्ट विजयसिंह साहेबांनी तिला एक हंगाम दिला. जमलं नाही तर यंत्र परत आणि पौर्णिमाही घरी.

समीकरण तयार झालं आणि पहिल्याच आठवड्यात तोंडावर आपटलं. पाण्याविना वाळलेल्या उसालाही ते सतरा टक्के साखर देऊ लागलं. माझ्या मोजणीत बारा. "गणितानं ऊस गोड होत न्हाई, पोरी," मी सुनावलंच.

घरी तिनं आईला हे सांगितलं. जाईबाईनं वीस वर्षं ऊस तोडलेला. ती म्हणाली, "अगं, नमुना मागितला की आमी मोळीतला चांगलाच ऊस देतो. वाळका कावून देऊ? मालकाची इज्जत जाती की!" म्हणजे समीकरणानं वाईट ऊस कधी पाहिलाच नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून ही पोरगी फडाफडांतून वाळके, किडके, तुरा आलेले ऊस मागत हिंडली. "आमच्या उसाला नावं ठेवती काय?" म्हणून एकानं बांधावरूनच हाकललं. तरी तिनं साठ नमुने जमवले आणि समीकरण नव्यानं बसवलं.

हंगाम संपताना साहेबांनी आम्हा दोघांपुढे वीस अनोळखी रस ठेवले. एकोणीस जुळले. अकराव्याला मी सोळा म्हणालो, ती तेरा.

"काका, माझं गणित आता चुकलं तर अर्ध्या टक्क्यानं चुकतं, तीननं न्हाई. तुमी परत मोजा."

मी तावातावानं अकराव्या रसाची मोजणीची नळी उचलली. तळाशी आधीचा रस तसाच होता. मी ती धुतलीच नव्हती. धुऊन पुन्हा मोजलं. तेरा.

मी वहीतला सोळा खोडून तेरा लिहिला. साहेबांनी विचारलं, "मग, यंत्र ठेवायचं का?"

"ठेवा," मीच म्हणालो, "आन् पोरीला बी ठेवा. माझ्या चुका धरायला कुणीतरी पायजे."