आचाऱ्याचा आचार्य

मी आचारी माणूस. सांगलीकडच्या मंगल कार्यालयांत चुलाणापुढं जन्म गेला. शाळा चौथीपर्यंत, त्यातही निम्मा वेळ म्हशींमागं. वाचता येतं, पण अक्षरावर बोट ठेवून. लिहितो ते हे असं, बोलल्यासारखं. सूनबाई ऱ्हस्व-दीर्घ तपासते. बाकी कशाला हात लावायचा नाही, असं तिला बजावलंय.

बायको गेली आणि मुलगा मला न्युरेम्बर्गला घेऊन आला. "बाबा, इथं एकटे काय करणार?" तो म्हणाला. मी म्हटलं, "तिथं तरी काय करणार?" त्यानं तिकीट आधीच काढलं होतं. म्हणून आलो.

इथं सकाळी कोपऱ्यावरच्या बेकराईतून पाव आणतो. दारातल्या म्हाताऱ्याला "मॉर्गन" म्हणतो, तोही म्हणतो, त्यापुढं आमची गाडी जात नाही. रविवारी खलबत्ता काढला की सूनबाई धावत येते. "अहो बाबा, रूहेत्साइट! शांततेची वेळ. आज कुटायचं नाही. खालची बाई वर येईल." मी म्हणतो, येऊ दे, चटणी खाऊन जाईल. पण ठेवून देतो.

मुलाचं काम कॉम्प्युटरचं. ऑफिसचं वेगळं, आणि शनिवारचं वेगळं. शनिवारचं म्हणजे एक भाषा आहे, बोलायची नव्हे, मशिनला हुकूम सोडायची. ती कुणा एकाच्या मालकीची नाही. कुठली कुठली माणसं मिळून ती सांभाळतात. कुणाला त्यात खोट दिसली की तो लिहून कळवतो, त्याला बग म्हणतात. दुसरा कुणी ती खोट बुजवायला तुकडा लिहून देतो, त्याला पॅच म्हणतात. मी मनाशी अर्थ लावून घेतला, बग म्हणजे ढेकूण आणि पॅच म्हणजे ठिगळ. शनिवारी दुपारी जेवणं झाली की ही सगळी माणसं लॅपटॉपवर जमतात आणि ढेकणावर आणि ठिगळावर भांडतात. भांडण इंग्रजीत, पण स्वयंपाकघरातल्याच टेबलावर. पलीकडच्या टोकाला मी लसूण सोलत बसतो. एवढं हळू आवाजातलं भांडण मी आयुष्यात बघितलं नव्हतं. आमच्याकडं पंगतीला जिलेबी कमी पडली तर याहून जास्त आवाज व्हायचा.

आता मुद्द्याचं. बायको सातवी शिकलेली. मुलगा परदेशी गेल्यावर मोबाइलवर मराठी टाइप करायला शिकली आणि रोज त्याला काहीबाही लिहायची. टाइप करताना चुका पुष्कळ, पण थांबायची नाही. आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. बाकीच्या "हे" म्हणतात, "घरचे" म्हणतात. ही मला आचारी म्हणायची. तोंडावर "अहो आचारी", आणि मुलाला लिहिताना "आचाऱ्यांना ताप आहे, सांगत नाहीत." "आचाऱ्यांनी आज चहा केला. पातेलं भरून. दोघांना." माझं नाव रेशनकार्डावर आहे. घरात मी आचारी होतो.

वर्षश्राद्धाला तिच्या ह्या मेसेजांचं एक लहानसं पुस्तक छापायचं आणि नातेवाइकांना द्यायचं, असं मुलानं ठरवलं. त्याच भाषेत हुकूम लिहून त्यानं सगळे मेसेज उतरवून घेतले, तारखेनं लावले, घरच्या प्रिंटरवर कागद काढले आणि माझ्यापुढं ठेवले.

मी बोट ठेवून वाचायला लागलो. "दुसर्या" लिहिलेलं. म्हटलं, हिच्या चुका. मग "नवर्याचं". मग "वार्यावर". आणि मग आलं, "आचार्यांना ताप आहे, सांगत नाहीत."

मी कागद टेबलावर आपटला.

"हे काय केलंस?"

"काय झालं बाबा?"

"आचार्य? मला? तुझी आई मला जन्मात आचार्य म्हणाली नाही. आचार्य म्हणजे मठात बसून ज्ञान पाजळणारा. मी डाळीला फोडणी देणारा."

त्यानं वाकून बघितलं. "बाबा, ऱ्या चा र्या झालाय. वाचणाऱ्याला कळतं हो."

"वाचणाऱ्याला एवढंच कळेल की ती मला आचार्य म्हणायची."

तो लॅपटॉप उघडून बसला आणि खोट कुठं आहे ते शोधत राहिला. शेवटी त्यानं मला सांगितलं ते असं. मशिनच्या पोटात आपला हा अर्धा र, जो आडव्या मिशीसारखा लिहितात, तो दोन तुकड्यांत ठेवता येतो. एक साधा र आणि त्याच्याखाली एक टिंब. ह्या भाषेत मजकूर साफ करायची एक सोय आहे. ती अक्षरांखालची टिंबं कचरा समजून काढून टाकते. टिंब गेलं की आपला र उडून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. आचाऱ्याचा आचार्य.

"म्हणजे तांदूळ निवडायला बसवला आणि त्यानं खड्यांबरोबर तांदूळही फेकला," मी म्हटलं.

"तसंच."

"मग त्याला सांग. र्य दिसला की ऱ्य कर. झालं."

तो म्हणाला, बाबा, एवढं सोपं नाही. मी म्हटलं, करून तर बघ, तुम्ही लोक प्रत्येक गोष्ट अवघड करता. माझा हट्ट बघून त्यानं करून दिलं. नवे कागद निघाले. ह्या वेळी सूनबाईनं आधी वाचले आणि ती खुर्चीवरच बसली हसत.

"अहो बाबा, आईंनी लिहिलंय, आज सूऱ्य लवकर उगवला. आणि तुम्ही काऱ्यालयात गेलात. धैऱ्य ठेव म्हणाल्यात ह्यांना."

ज्या कार्यालयात जन्म काढला त्याचंच मी काऱ्यालय करून ठेवलं होतं. सूनबाईचं हसू थांबेना. मलाही आलं. बायको गेल्यापासून आमच्या घरात तसं हसणं पहिल्यांदा झालं, आणि ते माझ्या मूर्खपणावर. पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. टिंब एकदा फेकलं की ते कुठं होतं आणि कुठं नव्हतं, हे नंतर अंदाजानं सांगता येत नाही. मुळात फेकायचंच नाही, हाच उपाय.

मुलानं तसा ढेकूण लिहून कळवला आणि सोबत ठिगळही पाठवलं. पुढच्या शनिवारी ते चर्चेला आलं. शेवटचा शब्द एका जर्मन बाईचा असतो. ती बॉनला राहते. पांढरे केस, चष्मा डोळ्यांपेक्षा डोक्यावरच जास्त. मुलानं इंग्रजीत लिहून माझी ओळख करून दिली, हे माझे बाबा, आचारी. तिनं मान लववून म्हटलं, "हेर आखारी." हेर म्हणजे श्रीयुत, आणि इंग्रजीत लिहिलेल्या च चा ह्यांच्या तोंडात ख होतो. म्हटलं, आचार्यपेक्षा हे बरं.

मुलगा बोलत होता आणि मधेमधे मला मराठीत सांगत होता.

"ती म्हणते, ही खोट नाही. मुद्दाम केलेलं आहे."

"मुद्दाम? माझ्या वाईटावर आहे का ती?"

"नाही हो. हिंदीत तेच टिंब कुणी देतं, कुणी देत नाही. शोधणाऱ्याला दोन्ही सापडावेत म्हणून काढतात."

"हिंदीवाल्यांचं भलं करा की. माझा आचारी कशाला मारता?"

त्यानं हे तसंच सांगितलं की सभ्य करून, मला माहीत नाही. ती हसली नाही. म्हणाली, जुने हजारो प्रोग्राम ह्या सवयीवर चालतात, उद्या बदललं आणि कुणाचं मोडलं तर? पडद्यावरचे आणखी दोघेतिघे तिच्याच बाजूनं बोलले. मला राग आला, पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं. शंभर पानांचा स्वयंपाक तयार असताना कुणी येऊन म्हणालं, मसाला बदला, तर मीही झारा उगारला असता.

तरी मी मुलाला म्हटलं, "तिला विचार. बेकराईच्या दारावर लिहिलंय ना, ड्र्युकन, ढकला म्हणून. तूच सांगितलं होतंस की वरची दोन टिंबं काढली की त्याचं छापा होतं. तिच्या टिंबांना कुणी हात लावेल का?"

त्यानं विचारलं. बाईनं चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला. "गेनाऊ," म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर. मला वाटलं, जिंकलो. पण तिनं लगेच पुढं सुरू केलं, "आल्झो," आणि मग बरंच काही. मुलगा लिहून घेत होता. तिचं म्हणणं असं की मराठीच्या त्या एका र चं टिंब ठेवायचं, बाकीची जशी जातात तशी जाऊ द्यायची. तसं ठिगळ नव्यानं लिहा. आणि सोबत परीक्षा द्या. टिंब गेलं की अर्थ बदलतो अशी एक जोडी, आणि जिथं टिंब नव्हतं तिथं ते उगवत नाही हे दाखवणारा एक शब्द. पुढं ह्या भाषेत कुणीही काहीही बदललं तरी मशिन ते शब्द आधी तपासून बघणार.

जोडी शोधायला लांब जावं लागलं नाही. आचाऱ्यांना, आचार्यांना. आणि तिसरा शब्द सूनबाईनं दिला, सूर्य.

मग वाट बघणं सुरू झालं. दर शनिवारी मी विचारायचो, "झालं का?"

"रिव्ह्यू चालू आहे, बाबा."

"भात असा रिव्ह्यूला ठेवला असता तर वऱ्हाड उपाशी घरी गेलं असतं."

कुणी म्हणालं, ह्या नियमाचं नाव बदला. कुणी म्हणालं, हा नियम दुसरीकडं हलवा. मुलगा संध्याकाळी ऑफिसातून दमून यायचा आणि पुन्हा तेच लिहायचा. श्राद्ध जवळ आलं तसा एकदा तो वैतागून म्हणाला, "बाबा, माझ्या लॅपटॉपवर मी बरोबर करून ठेवलंय. पुस्तक बरोबर निघेल. ह्या लोकांशी डोकं फोडण्यात काही अर्थ नाही. मी ते मागं घेतो."

"मागं घ्यायचं नाही."

"पुस्तक तर होतंय ना?"

"तू लॅपटॉप बदललास की मी परत आचार्य. तुझ्या पोरांनी उद्या हेच मेसेज काढले की परत आचार्य. टिंब त्या भाषेत बसल्याशिवाय मी पुस्तक छापू देणार नाही."

"आणि श्राद्धापर्यंत नाही झालं तर?"

"तर पुस्तकाशिवाय श्राद्ध. जेवण मी करतो, कुणी नाव ठेवणार नाही."

तो उठून बाल्कनीत गेला. सूनबाई माझ्याकडं बघत होती. मी लसूण सोलत राहिलो. थोड्या वेळानं तो आत आला, लॅपटॉप उघडला आणि कुणीतरी विचारलेल्या शंकेला उत्तर लिहायला लागला. आईवर गेलाय. चिडतो, पण टाकत नाही.

ठिगळ बसलं ते एका दुपारी, मी रिकाम्या बाटल्या परत द्यायला सुपरमार्केटात गेलो होतो तेव्हा. घरी आलो तर सूनबाई दारातच. "बाबा, घेतलं त्यांनी!" बॉनच्या बाईनं खाली एक ओळ लिहिली होती, मुलानं वाचून दाखवली. हेर आखारींना नमस्कार, आता त्यांच्या परवानगीशिवाय टिंब जाणार नाही.

मी म्हटलं, तिला एकदा जेवायला बोलाव.

ठिगळ लावलेल्या भाषेतून सगळे मेसेज पुन्हा उतरवले. कागद माझ्यापुढं आले. बोट ठेवून सुरुवातीपासून बघत गेलो. दुसऱ्या. नवऱ्याचं. सूर्य डोक्यावर शाबूत. आचाऱ्यांना, आचाऱ्यांनी, आचाऱ्यांच्या. प्रत्येक ठिकाणी ती मला हाक मारत होती. मग बोट अडलं.

"आचार्यांनी आज मला भात कसा लावायचा ते शिकवलं. शिकले."

मी ओरडलो. मुलगा आला, बघितलं आणि त्याचं तोंड उतरलं. "ठिगळ चुकलं?" तो लॅपटॉपकडं वळला. मी म्हटलं, थांब. कपाटातून तिचा मोबाइल आणला. तो मी चार्ज करून ठेवतो, वापरत कुणी नाही. त्यानं तो मेसेज शोधून काढला. तिथंही तेच होतं. आचार्यांनी. तिनंच तसं लिहिलं होतं.

"टायपो असेल," मुलगा म्हणाला. "आईचं बोट चुकायचंच. दुरुस्त करू?"

तो दिवस मला आठवत होता. ती आजारातून उठली होती आणि मी तिला ओट्यापाशी स्टुलावर बसवून पाणी किती, आच किती, हे समजावत होतो. सगळा संसार जिनं भात लावला तिला. ती मुकाट ऐकत होती आणि मोबाइलवर काहीतरी टाइप करत होती.

"हात लावू नको," मी म्हटलं.

श्राद्धाचं जेवण मी केलं. पुस्तकं गावाकडं पोचली तसा मेहुणीचा फोन आला. रडून झाल्यावर म्हणाली, "दाजी, छान झालंय हो. पण एका जागी छापणाऱ्यानं तुम्हाला आचार्य केलंय बघा."

"छापणाऱ्यानं नाही. तुझ्या बहिणीनं केलंय."

"चुकून?"

"ते तिलाच विचारायला पाहिजे," मी म्हटलं, आणि कुकर लावायला उठलो.