घंटेचा खांब

पडदेवाली मावशी हॉलच्या मागच्या खोलीत राहायची. आधी नवरा पडदा ओढायचा. तो गेला आणि दोर हिच्या हाती आला, दोराबरोबर खोलीही राहिली. दोर सुटला की खोली सुटली, एवढं साधं होतं ते. म्हणून आपल्याला ऐकू येत नाही ही गोष्ट तिनं कुणाला कळू दिली नव्हती.

कान काही एका दिवसात गेले नव्हते. आधी चिमण्या गेल्या, मग नळाची धार, मग माणसं. नवरा जाताना काहीतरी बोलला, ते तिनं नुसतं ओठांवर पाहिलं. त्यातलंही अर्धं मिशीआड राहिलं.

पण बाई हिकमती. तिसरी घंटा झाली की दोराशेजारचा लाकडी खांब थरथरायचा. ती त्याला तळवा टेकवून उभी राहायची. थरथर आली की पडदा वर. आणि खाली कधी? तर आभार मानणारा कागदाची घडी करून खिशात घालतो तेव्हा. तोवर त्याचं मन चहापाशी पोचलेलं असतं, पुढं तो काय बोलणार कपाळ! सहा वर्षांत एक चूक नाही.

"मावशीपुढं घड्याळ झक मारतं," सेक्रेटरी येईल त्याला सांगायचे.

थंडी ओसरून झाडांना पालवी फुटली की हॉलला दम खायला फुरसत नसायची. जागतिक दिवसांची रांगच लागायची: कानांचा दिवस, बायकांचा, चिमण्यांचा, पाण्याचा, आणि शेवटी रंगभूमीचा. कानांच्या दिवशी खाली तपासणीची टेबलं मांडली होती.

"मावशी, तुम्हीपण बसा की. फुकट आहे," सेक्रेटरी समोर उभं राहून म्हणाले.

"माझ्या कानांना काय धाड भरलीय? त्या तुमच्या अध्यक्षांना बसवा, दुसऱ्याचं कधी ऐकतात का ते!"

सेक्रेटरी हसत गेले.

भाषणं झाली. आभारवाल्या मास्तरांनी कागदाची घडी केली, खिशात घातली. मावशीनं दोर सोडला. पडदा सरसर खाली आला.

पलीकडच्या कोपऱ्यात, मावशीच्या जागेवरून दिसत नाही तिथं, एक सात वर्षांची पोरगी गात होती. कानाला मशीन लावून चार महिन्यांत एक कडवं शिकली होती. पत्रिकेत तिचं नाव नव्हतं, मास्तरांनीच ऐनवेळी, कागदाची घडी करायच्या आधी, तिला पुढं केलं होतं. दुसऱ्या ओळीवर पडदा तिच्या नाकासमोर येऊन पडला.

"मावशी! अहो, पोरगी गातेय!" सेक्रेटरी मागून ओरडले. एकदा, दोनदा, तीनदा. मावशी निवांत दोर खुंटीला गुंडाळत होती. शेवटी ते वळसा घालून समोर आले. त्यांचं तोंड पाहिलं आणि तिच्या हातातला दोर गळून पडला.

"केव्हापासून?" त्यांनी सावकाश विचारलं.

खोटं बोलायला आता जागा नव्हती. "हे होते तेव्हापासूनच."

पडदा पुन्हा वर गेला, पण पोरगी काही गायली नाही. आईच्या पदरात तिनं तोंड खुपसलं होतं, खांदे हलत होते. मावशीला आवाज आला नाही. खांदे मात्र दिसले, आणि मग रोज दिसत राहिले.

आठवड्यानं सेक्रेटरी खोलीच्या दारात आले. "कमिटी पडद्याला बटणाची मोटर बसवतेय. मी पुष्कळ भांडलो, मावशी."

"आणि खोली?"

"महिनाअखेरपर्यंत. भाची आहे ना तुमची?"

"आहे," मावशी म्हणाली. "तिला चार माणसं आधीच जास्त आहेत."

रंगभूमीच्या दिवशी तिला पहिल्या रांगेत बसवलं, हातात फुलं दिली. सवयीनं तिनं तळवा खुर्चीच्या हातावर टेकवला. मऊ, गुबगुबीत. काहीच आलं नाही. तिसरी घंटा कधी झाली, झाली की नाही, कळलं नाही.

समोर पडदा होता. समोरून ती त्याला पहिल्यांदाच बघत होती. मधोमध तिनं स्वतः रफू केलेली जागा होती, धागा जरा वेगळा पडला होता. मागून कधी जाणवलं नव्हतं. इथून अंगावरच्या चट्ट्यासारखी ती जागा डोळ्यांत खुपत होती. एवढी वर्षं सगळ्यांना दिसत असणार, आणि कुणी एका शब्दानं बोललं नाही.

की बोलले असतील?

पडदा आपसूक वर जायला लागला. मावशी त्या रफूकडे बघत राहिली, ते दिसेनासं होईपर्यंत.