सोड्याची लांब नळी

आमच्या घरात तेव्हा सोड्याची टाकी आणि आबा, म्हणजे माझे सासरे, एकाच खोलीत राहत. जळगावातलं आमचं लिंबू-सोड्याचं दुकान म्हणजे घराचा ओटाच. ओट्यावर तोटी, तिच्या मागे पुढच्या खोलीत टाकी, टाकीला जोडलेला गॅसचा सिलिंडर आणि सिलिंडरला खेटून आबांची खाट. जागाच नव्हती, दुसरं काय करणार.

एका दुपारी सिलिंडरचं वायसर उडालं. आवाज असा झाला की अख्खी गल्ली गोळा झाली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, पण आबांनी धोतर सावरलं, पिशवी भरली आणि धुळ्याची एस.टी. धरली. धुळ्याला त्यांची एकुलती एक लेक दिलेली. जाताना मला एवढंच म्हणाले, "ते भूत मन्हा खाटजोडे शे तोवर मी येवाव नही."

बापाने लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये, अशी आमच्याकडची जुनी रीत. आबा ती इतकी पाळत की लेकीकडे गेले तरी संध्याकाळच्या गाडीने परत. आता तिथेच मुक्काम ठोकलेला, आणि पाणी मात्र शेजारच्यांकडून मागून पीत. नणंदेच्या सासूला ते दिसत होतंच. नणंदेला बापाला जा म्हणवेना, सासूसमोर तोंड वर करवेना.

आखाजी जवळ आली. हा आमच्या खानदेशात लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके खेळतात, कोणी त्यांना इकडची काडी तिकडे करायला सांगत नाही. नणंदेने जळगावला येणाऱ्या एका ओळखीच्या बाईबरोबर निरोप धाडला, "आबा आठे शेतस, मंग मी आखाजीले कोना घर येऊ?" बापच इथे, मग माहेरी कोणाच्या घरी येऊ, असं तिचं म्हणणं. आखाजीच्या आत टाकी आबांच्या खोलीतून गेलीच पाहिजे, असं मी ह्यांना बजावलं.

ह्यांनी टाकी आणि सिलिंडर मागच्या अंगणाच्या टोकाला पत्र्याखाली नेऊन ठेवले. आता तिथून ओट्यावरच्या तोटीपर्यंत सोडा आणायचा. आमचे हे केळीच्या मळ्यात वाढलेले. पाणी लांब न्यायचं तर पाइप जाड हवा, हे त्यांच्या रक्तातच. पांढरट, आतलं दिसेल अशा प्लास्टिकचा चांगला जाडजूड पाइप आणला आणि छपरावरून ओट्यापर्यंत टाकला. एखादं पाटाचं पाणी सोडावं तशा थाटात तोटी उघडली.

पेल्यात नुसता फेस! फेस बसला तेव्हा तळाशी दोन बोटं पाणी उरलं, तेही मिळमिळीत. गिऱ्हाइकं हसली. एक म्हणाला, "भाऊ, दाढी करवाले दे." प्रत्येकाचा सल्ला एकच, गॅस कमी करा. ह्यांनाही तेच हवं होतं, कारण खरं सांगायचं तर सिलिंडरची भीती आबांपेक्षा ह्यांना काही कमी नव्हती. गॅस कमी केला. फेस वाढला. आणखी कमी केला, तर तोटीतून नुसतं फुसफुस. शेवटी हे म्हणाले, "टाकी पुन्हा पुढच्या खोलीत आणू. आबांना समजावू."

मी म्हटलं, "समजावा तुम्ही. मी मात्र त्यांच्या लेकीला तोंड दाखवणार नाही."

रागारागात शिडी लावून मी छपरावर चढले. पत्रा असा तापलेला की हात टेकवेना. पाइपात पाहिलं तर जागोजागी हवेच्या पोकळ्या धावत होत्या. गॅस पाण्यातून वाटेतच सुटत होता, तोटीशी येईतो पाणी वेगळं आणि गॅस वेगळा. तेव्हा मला उमगलं की आपण सगळं उलटं करतोय. उन्हात पाइप तापतो म्हणून गॅस सुटतो, आणि दाब कमी केला की त्याला कोणी धरून ठेवणारंच उरत नाही. गॅस वाढवायला हवा. पण एवढ्या जाड पाइपातून तो जोराने आला तर पेल्यात कारंजंच उडणार. म्हणजे नळी बारीक हवी.

"बारीक नळीतून एवढ्या लांब येईल का?" हे म्हणाले.

"केळी भिजवायची नाहीये आपल्याला," मी म्हटलं.

बोटाएवढी नळी आणली. अंगणातून, माजघरातून थेट ओट्यापर्यंत चर खणून ती ओल्या वाळूत पुरली. त्यावर मी पाणी शिंपडलं, पुढे ते माझं रोजचंच काम झालं. ओट्याखाली बर्फाच्या पेटीत नळीची वेटोळी बसवली. मग ह्यांनी डोळे मिटून गॅसची चावी फिरवली, आणि मी तोटी उघडली. सोडा आला. संथ, गार, स्वच्छ, आणि वर फेसाची नुसती एक किनार. मी तो पेला तिथेच उभ्याने पिऊन टाकला. नाकात झिणझिण्या आल्या, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळंच काही सोड्यामुळे नव्हतं.

हे त्याच दिवशी धुळ्याला गेले आणि आबांना घेऊन आले. आबांनी आधी खाटेभोवतालची रिकामी जागा पाहिली. मग मागच्या दाराशी जाऊन लांबूनच टाकीकडे नजर टाकली, आणि खाटेवर पाय पसरले. माझ्या डोक्यावरचं ओझंच उतरलं.

आखाजीला नणंद आली. आल्या आल्या पाणी प्यायली आणि पुढच्या खोलीत आबांच्या खाटेशेजारी सतरंजीवर आडवी झाली. बरेच दिवस धड झोप नव्हती तिला. दुपारी मी सांजोऱ्या तळत होते, हे बर्फ आणायला गेलेले, आणि ओट्यावर गिऱ्हाइकं जमली. हात पुसत बाहेर आले, तर तोटीपाशी आबा उभे. आवाज होऊ नये म्हणून तोटी अगदी हलक्या हाताने उघडत होते. पेला भरून त्यांनी पुढे केला आणि समोरच्या माणसाला दबक्या आवाजात दटावलं, "हळू बोल रे भाऊ, पोर झोपेल शे."