ओकी शोबची मांजरपावलं

ओकी शोबने आमच्या स्टोनी रन खोऱ्यात एकतीस वर्षं टपाल वाटलं. वाटता वाटता गाडी थांबवून तो कडेची झाडं मुळासकट काढायचा, जुन्या वर्तमानपत्रांत दाबून सुकवायचा, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी डकवायचा आणि दर उन्हाळ्यात त्यांचा गठ्ठा विद्यापीठाला पाठवायचा. त्यात त्याचा खरा जीव मांजरपावलांवर. वीतभर दांड्यावर मांजराच्या मिटलेल्या पंजासारखी पांढुरकी फुलं. आम्हाला सगळी सारखीच दिसायची. ओकी पान उलटं करायचा, नखाने त्यावरची लव खरवडायचा आणि शिरा मोजायचा. रुंद पान आणि तीन शिरा, तर ते जंगलातलं. एकच शीर आणि लांब लांब धुमारे, तर कुरणातलं. एकच शीर, पण पान बारकं आणि धुमारे आखूड, तर ते फक्त आमच्या, ठिसूळ दगडाच्या चिपांनी भरलेल्या उघड्या डोंगरउतारावरचं. विद्यापीठाला हेच तिसरं हवं असायचं.

त्याच्या बायकोला, डेल्फियाकाकूला, या सगळ्याचा वीट आला होता. "लोकांचे नवरे हरीण मारून आणतात. माझा गवत आणतो, आणि तेही माझ्याच जेवणाच्या टेबलावर पसरतो," असं ती चर्चच्या पायरीवर सगळ्यांदेखत म्हणायची. ओकी हसायचा.

पंच्याऐंशी सालच्या मार्चमध्ये तिने मला हाक मारली. माझं घर कुंपणापलीकडेच. तिच्या हातात विद्यापीठातल्या टॅलबट नावाच्या बाईंचं पत्र होतं. ओकीला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती आणि हल्ली तो पत्रं फोडतच नसे. म्हणून हे तिने फोडलं होतं. बाईंनी फार जपून लिहिलं होतं: गेल्या गठ्ठ्यातल्या सतरा कागदांवर चिपांच्या डोंगरावरचं नाव आहे, पण पानांना तीन तीन शिरा आहेत. चिठ्ठ्यांची अदलाबदल तर झाली नाही ना?

"झाली असेल," मी म्हणाले.

"सतरांची?" काकू म्हणाली. "मेव्हिस, तो स्वतःच्या बुटांची अदलाबदल करतो हल्ली. तुझी नजर चांगली आहे. बस इथे."

पाठवलेल्या प्रत्येक झाडाचा एक जोडीदार ओकी घरी ठेवायचा. वरच्या खोलीत कपाटभर होते. दुपारी तो ओसरीवर डुलकी घ्यायचा तेव्हा आम्ही ते खाली आणायचो. त्याचीच वही उघडून, त्याच्याच भिंगाने काकू शिरा मोजायला शिकली. पहिला आठवडा नुसती चिडचिड. मग तिचा हात बसला, आणि माझ्याआधी तीच सांगायला लागली.

शेवटून सुरुवात करून आम्ही मागे मागे गेलो. चौऱ्याऐंशीत सतरा चुका, त्र्याऐंशीत चौदा, ब्याऐंशीत अकरा, एक्याऐंशीत एकच. त्याच्या मागे एकही नाही. पंचवीस वर्षांचे कागद, एकही चूक नाही.

त्या एका कागदावर तारीख होती १८ एप्रिल. काकूने भिंग खाली ठेवलं.

"ईस्टरचा आदला दिवस," ती म्हणाली. "माझी बहीण आली होती ओहायोहून. मांस थंडगार झालं, आणि हा सात वाजता उगवला. म्हणे, फाट्यावर रस्ताच सापडेना. एकतीस वर्षांचा रस्ता. मी म्हटलं, दुकानामागे बसून ढोसलीस, आणि वर तोंड करून थापा मारतोस. बहिणीसमोर म्हटलं. आठवडाभर बोलले नाही त्याच्याशी."

मी म्हटलं, "तुला काय माहीत होतं, काकू."

"तो सांगत होता ना. त्याने सांगितलं होतं मला."

तेवढ्यात दारात ओकीकाका उभा. टेबलावरचा पसारा बघून त्याचा चेहरा उजळला.

"तुला कधीपासून आवडायला लागली ही?"

"बस," काकू म्हणाली.

तो बसला. सवयीने एक कागद ओढला, पान उलटं केलं, नख फिरवलं. "एक शीर. डोंगरावरचं."

मी काकूकडे पाहिलं. हो म्हणाली असती तर तो खुशीत उठून गेला असता.

"तीन आहेत, ओकी."

त्याने पुन्हा नख फिरवलं. खूप वेळ. मग कागद हळूच तिच्याकडे सरकवला. "माझ्याकडून असं किती झालं?"

"त्रेचाळीस."

"मग सांग त्यांना. चुकीचं नाव तसंच राहू देऊ नये."

टॅलबटबाईंना तिने खरं ते कळवलं. त्यांनी ते कागद परत पाठवले आणि लिहिलं, की जुनी चिठ्ठी काढायची नसते. तिच्याशेजारी नवी लावायची, दुरुस्ती करणाऱ्याच्या सहीने. काकूला ते सहन होईना. त्याची चूक जन्मभर सगळ्यांना दिसत राहणार. तरी तिने त्रेचाळीस चिठ्ठ्या लिहिल्या, दोन आठवडे, आठवीपर्यंत शिकलेल्या हाताने. ओकी शेजारी बसून डिंक लावायचा. शेवटी शेवटी डिंक कशाला लावायचा हेही तिला सांगावं लागे.

त्या हिवाळ्यापासून तो तिला आपली बहीण समजायला लागला. "माझ्या बायकोला सांगू नकोस हं, चिडेल ती," असं तिलाच बजावायचा. "नाही चिडणार," ती म्हणायची. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत त्याला न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत तो गेला.

दफनाला टॅलबटबाई आल्या होत्या. नंतरच्या जेवणात मक्याचा पाव आणि घेवड्याची ताटली हातात घेऊन त्या काकूपाशी आल्या. म्हणाल्या, "तुमच्यासारखी नजर आमच्याकडे फार थोड्यांची आहे. या वसंतात डोंगरावरचे काही नमुने पाठवाल का?"

"नाही हो," काकू म्हणाली. "मला ती आवडत नाहीत. फक्त ओळखता येतात."

बाईंनी मान हलवली. काकूने त्यांच्या ताटलीत आणखी घेवडा वाढला आणि लांब जायचंय, पोटभर जेवा, असं म्हणाली.